खोडलेला तक्ता

प्रिय विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पालकहो आणि विश्वस्त मंडळातील मान्यवर सदस्यहो,



शाळेच्या या वार्तापत्रात दरवर्षी आम्ही शिस्तीबद्दल लिहितो, एसएसएलसीच्या निकालाबद्दल लिहितो, देणगीदारांचे आभार मानतो. ते सर्व याही अंकात इतर पानांवर आहेच. या पानावर मात्र यंदा आमच्या हातून झालेली एक चूक सांगायची आहे. मुख्याध्यापकांनी 'आम्ही' म्हणावे असा आपल्याकडे रिवाज आहे म्हणून तसे लिहितो. चूक शाळेची नव्हती, आमची एकटीची होती, हे आधीच नमूद केलेले बरे.

ही चूक कळायला आम्हाला वीस वर्षे लागली, आणि कळली ती विज्ञानातल्या एका विषयामुळे. डोळ्यांना न दिसणाऱ्या, सतत थरथरणाऱ्या पट्ट्यांचा तो विषय. ऐकायला अवघड वाटेल; पण सुतळी, दोन दगड आणि एक कॅल्क्युलेटर एवढे जवळ असले की आठवीच्या मुलांनाही घरच्या घरी कळेल असा आहे. म्हणून चूक आणि विज्ञान दोन्ही एकत्रच सांगतो.

जुन्या पालकांना ठाऊक आहे की आमचे माहेर देवासचे. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. पहिलीपासून बी.एस्सी.पर्यंतचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले आणि १९४८ साली देवासला जाऊन राहिले. आम्ही लग्न होऊन देवासहून निपाणीला आलो. सासरी गमतीने म्हणत, "बेळगावनं देवासला गाणं दिलं, देवासनं आम्हाला फिजिक्सची बाई दिली." या देवघेवीत कोणाचे नुकसान झाले ते विद्यार्थ्यांनी ठरवावे!

सुरुवातीला वर्गात आवाज वाढला की आमच्या तोंडून "शोर मत करो" निघून जाई. मुले आधी हसत, मग गप्प बसत. गप्प बसलेला वर्ग म्हणजे शिकणारा वर्ग, आणि एकसारखी उत्तरे म्हणजे बरोबर उत्तरे, अशी आमची तेव्हा पक्की समजूत होती. 

आता २००४ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा नववीला विज्ञान शिकवत होतो. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी वर्गातल्या एका विद्यार्थिनीने लंबकाचा प्रयोग करायचे ठरवले. तिच्या वडिलांचे वेल्डिंगचे दुकान होते. तिथून तिने लोखंडी पट्टीचे दोन तुकडे आणले. सायकलच्या जुन्या बेअरिंगवर एक तुकडा लाकडी चौकटीला टांगला आणि त्याच्या खालच्या टोकाला तशाच बेअरिंगवर दुसरा तुकडा जोडला. म्हणजे लंबकाला लंबक. वरची पट्टी चौकटीवरच्या खुणेपर्यंत उचलायची, सोडून द्यायची, आणि सगळे थांबेपर्यंत खालची पट्टी किती वेळा पूर्ण गरकन फिरते ते मोजायचे, असा तिचा बेत होता.

तिने दहा वेळा मोजले. दहाही वेळा खूण तीच, पण आकडा कधी तीन, कधी सात, कधी शून्य. ती वही घेऊन आमच्याकडे आली.

"रीडिंग नीट घेतलं नाहीस. हात हलला असेल."

"नाही बाई, खुणेवरच धरलं होतं की. तरी पण वेगळंच येतंय."

"मग चौकट हलत असेल. एकाच ठिकाणाहून सोडलं तर एकसारखंच आलं पाहिजे."

"पण बाई, खरं तसंच आलंय."

"खरं काय ते पुस्तकात आहे. हा तक्ता खोड."

तिने पट्टीने सरळ रेघ मारून तक्ता खोडला. प्रदर्शनात तिने दोरा आणि गोटी घेऊन साधा लंबक मांडला. आकडे पुस्तकाप्रमाणे आले, तक्ता सुबक झाला, तिसरे बक्षीसही मिळाले. आम्ही पाठ थोपटली. त्यानंतर मात्र तिने विज्ञानाच्या तासाला हात वर केल्याचे आम्हाला आठवत नाही. दहावीनंतर ती कॉमर्सला गेली. कॉमर्सला जाण्यात काही कमीपणा नाही. पण का गेलीस, हे आम्ही तिला विचारले नाही.

त्या खोडलेल्या तक्त्याखाली तिने स्वतःच्या मनाने एक ओळ लिहिली होती. ती खोडायची राहून गेली होती, म्हणून आमच्या लक्षात राहिली. 'थोडी उचलली तर दर वेळी सारखे येते. जास्त उचलली तर वेगळे येते.' आम्ही ती ओळ वाचली आणि पान उलटले.

मध्ये बरीच वर्षे गेली. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत शाळेचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला. बेळगावला इंजिनिअरिंग करून तो पुढे बेंगळुरूला संशोधनासाठी गेलेला. काय करतोस म्हणून विचारले तर हसून म्हणाला, "बाई, आम्ही पट्ट्या हलवतो. पण त्या दिसत नाहीत."

मग त्याने मोबाईल काढला आणि आडवा केला. पडद्यावरचे चित्रही आडवे झाले. "हे मोबाईलला कसं कळतं, सांगा?" आम्हाला सांगता येईना. त्याने सांगितले ते असे. मोबाईलच्या आत सिलिकॉनची अतिशय सूक्ष्म यंत्रे असतात. आपला केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो. या यंत्रांतल्या पट्ट्या आणि फटी काही ठिकाणी त्याहून कितीतरी बारीक असतात. त्यांतल्या एकात इवलेसे वजन बारीक स्प्रिंगांवर टांगलेले असते. मोबाईल कलला की ते सरकते. दुसऱ्यात तसेच वजन सतत कंप पावत ठेवलेले असते. मोबाईल फिरवला की त्या कंपनाला आडव्या दिशेने दुसरे कंपन सुरू होते आणि त्यावरून फिरण्याचा वेग कळतो. ठरावीक तालात कंप पावणाऱ्या अशा वस्तूला रेझोनेटर म्हणतात. देवळातली घंटा, तंबोऱ्याची तार आणि बागेतला झोपाळा ही त्याचीच थोरली भावंडे. झोपाळ्याला त्याच्या तालात हलका धक्का देत राहिले की तो उंच जातो. त्यालाच आम्ही हिंदी पुस्तकात 'अनुनाद' म्हणून शिकलो.

पुढे तो म्हणाला, "एक पट्टी सरळ असते, बाई. दोन जोडल्या आणि जोरात हलवल्या, की मग गंमत सुरू होते." आणि त्याने जे सांगितले ते ऐकताना आम्हाला ती लोखंडी पट्टी आठवली. ही गंमत तीन पायऱ्यांची आहे. विद्यार्थ्यांनी एकेक पायरी करूनच पाहावी.

पहिली पायरी जोडण्याची. दोन खुर्च्यांमध्ये सुतळी आडवी बांधा. तिच्यावर थोड्या अंतराने सारख्याच लांबीच्या दोऱ्यांनी सारख्या वजनाचे दोन दगड टांगा. एकच दगड हलवा. थोड्या वेळाने तो आपोआप मंदावेल आणि न हलवलेला दगड झोके घेऊ लागेल. मग पुन्हा उलट. सुतळीच्या बारीक ओढीतून एकाचा झोका दुसऱ्याकडे जातो आणि परत येतो. १६६५ साली हॉलंडमधले ख्रिस्तियान हायगेन्स आजारी होऊन अंथरुणाला खिळले होते. एकाच आधाराला टांगलेल्या दोन लंबकांच्या घड्याळांकडे पाहताना त्यांच्या लक्षात आले की लंबक काही वेळाने एकमेकांच्या बरोबर उलट तालात येतात आणि तसेच राहतात. आधाराच्या लाकडातून जाणारी, डोळ्यांना न दिसणारी थरथर हे त्याचे कारण होते.

दुसरी पायरी सरळ हिशेब मोडण्याची. दुप्पट जोर लावला तर दुप्पट हालते, हा सरळ हिशेब. हलके झोके घेणाऱ्या वस्तू तो पाळतात. पण दोन्ही टोकांना घट्ट बसवलेली पट्टी जोराने हलवली की ती लांबीनेही ताणली जाते, ताणली की कडक होते, आणि कडक झाली की तिचा तालच बदलतो. मग दुप्पट जोराला दुप्पट उत्तर मिळत नाही. जॉर्ज डुफिंग या जर्मन अभियंत्याने १९१८ साली अशा कंपनांवर पुस्तक लिहिले. आजही हे समीकरण त्यांच्या नावाने ओळखतात. यातली विशेष गोष्ट अशी की, तेवढ्याच जोराला अशी पट्टी दोन वेगवेगळ्या प्रकारे हलू शकते, एकदा कमी आणि एकदा जास्त. कोणत्या प्रकारे, ते ती आधी कशी हलत होती यावर ठरते.

हा मोडलेला हिशेब आपल्या कानांच्या ओळखीचा आहे. मिरज इथून काही लांब नाही. तिथल्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची घोडी धारेसारखी नसते. ती रुंद आणि किंचित बाकदार असते. तार हलताना त्या बाकावर टेकते आणि सुटते. तारेखाली सुती दोरा सरकवून कारागीर आणि गवई जवारी लावतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर लेख लिहिला. साध्या तारेच्या नियमाप्रमाणे जे उपस्वर उमटायला नकोत, ते तंबोऱ्यात आणि वीणेत स्पष्ट ऐकू येतात, हे त्यांनी दाखवले. म्हणजे जी गोष्ट पुस्तकाच्या नियमात बसत नव्हती, तिच्यातच तंबोऱ्याचा गोडवा होता. रामन यांनी 'नियमात बसत नाही, खोडा' असे म्हटले नाही. ते आम्ही म्हटले.

तिसरी पायरी केऑसची. या शब्दाचे भाषांतर कोणी अनागोंदी करतात, कोणी कोलाहल. पण अनागोंदीत नियमच नसतो, आणि केऑसमध्ये नियम अगदी काटेकोर असतो. कॅल्क्युलेटर घ्या. शून्य ते एक यांमधली एक संख्या घ्या. ती एकातून वजा करा, आलेल्या उत्तराला मूळ संख्येने गुणा, मग चारने गुणा. जे येईल त्यालाच पुन्हा तोच नियम लावा. ०.४०० पासून सुरुवात केली तर पुढे ०.९६०, ०.१५४, ०.५२०, ०.९९८ असे आकडे येतात. आता शेजाऱ्याने ०.४०१ पासून सुरुवात करावी. त्याला ०.९६१, ०.१५१, ०.५१२, ०.९९९ असे आकडे मिळतील. इथपर्यंत दोघे जोडीने चालले आहेत. पुढे चला, पण मधले आकडे तोडू नका. कॅल्क्युलेटरवर येईल तेवढे सगळे ठेवा. नवव्या पायरीला तुमच्याकडे ०.९१९ असेल आणि शेजाऱ्याकडे ०.४७४. नियम एकच होता, कोणाचीही चूक झाली नाही. सुरुवातीचा हजारातला एक भाग एवढा फरक वाढत वाढत सगळे उत्तर घेऊन गेला.

अमेरिकेतले हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांना १९६१ साली हेच दिसले. संगणकावर हवामानाचे गणित पुन्हा करताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढेच टाकले, आणि काही काळानंतर उत्तर पार वेगळे आले. 'आपण आकडा चुकीचा टाकला' म्हणून त्यांना कागद फेकून देता आला असता. त्यांनी तो ठेवला, विचार केला आणि १९६३ साली शोधनिबंध लिहिला.

या तिन्ही पायऱ्या सूक्ष्म पट्ट्यांत एकत्र येतात. २००९ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या करबालिन, क्रॉस आणि रूक्स या संशोधकांनी एकमेकींना जोडलेल्या दोन सूक्ष्म पट्ट्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. पट्ट्या काही मायक्रोमीटर लांबीच्या. त्या हलक्या चालवल्या की हालचाल नियमित असते. जोर वाढवत नेला की हिशेब बिघडत जातो आणि एका मर्यादेपलीकडे पट्ट्या केऑसमध्ये जातात. नियम मांडून केलेले गणित आणि प्रत्यक्ष मोजमाप यांचा मेळही त्यांनी दाखवला. आमचा माजी विद्यार्थी हे सांगत असताना आमच्या डोळ्यांपुढे दुसरेच वाक्य आले. 'थोडी उचलली तर दर वेळी सारखे येते. जास्त उचलली तर वेगळे येते.' निपाणीतल्या चौदा वर्षांच्या मुलीने सायकलच्या बेअरिंगवर जे पाहिले आणि बॉलपेनने लिहिले, ते पाच वर्षांनी जगातल्या एका नामवंत प्रयोगशाळेतून सूक्ष्म पट्ट्यांबाबत छापून आले. मोठ्या लंबकांबाबत शास्त्रज्ञांना ते आधीपासून ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते आम्हाला.

इथे एखादा पालक विचारील, "बाई, पण खरंच हात हलला असेल तर?" प्रश्न योग्य आहे. हात थोडा हललाच असणार. इथेच गोंगाटाचा भाग येतो. विज्ञानात गोंगाट म्हणजे कानाला ऐकू येणारा आवाज एवढेच नव्हे. मोजमापात घुसणारी, कोणत्याही तालात न बसणारी प्रत्येक धक्काबुक्की म्हणजे गोंगाट. १८२७ साली रॉबर्ट ब्राऊन यांनी पाण्यातल्या परागांमधले बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली अखंड थरथरताना पाहिले. पाण्याचे अदृश्य रेणू त्यांना सर्व बाजूंनी ढकलत असतात, याचे गणित आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडले. लोखंडी पट्टीला असल्या धक्क्यांचे काही वाटत नाही. पण सूक्ष्म पट्टी इतकी हलकी असते की हवेच्या रेणूंचे धक्के तिला जाणवतात, आणि हवा काढून टाकली तरी तिच्या स्वतःच्या अणूंची उष्णतेची थरथर उरतेच. म्हणून अशा पट्ट्यांच्या जगात गोंगाट आणि केऑस बरोबरच नांदतात. गोंगाट बारीकसा फरक पेरतो आणि केऑस तो फरक वाढवतो. त्या मुलीच्या हाताचा केसाएवढा फरक हे बी होते. पण थोडी उचललेली पट्टी तेवढाच फरक सहज पचवत होती, आणि जास्त उचललेली तो वाढवत होती. दोष हाताचा नव्हता आणि चौकटीचाही नव्हता. दोन जोडलेल्या पट्ट्यांचा तो स्वभाव होता.

दोन्ही प्रकारचे आकडे कागदावर सारखेच वेडेवाकडे दिसतात. मग ओळखायचे कसे? यालाही सोपा प्रयोग आहे. कॅल्क्युलेटरवर काढलेले तीस-चाळीस आकडे घ्या. आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेवर एक आकडा आणि उभ्या रेषेवर त्याच्या लगेच पुढचा आकडा घेऊन बिंदू मांडत जा. सगळे बिंदू एका कमानीवर येऊन बसतील. मग ००१ ते ९९९ मधून चिठ्ठ्या टाकून आकडे काढा आणि तसेच मांडा. बिंदू कागदभर विखुरतील. वरून दोन्ही सारखेच, पण पहिल्याच्या पोटात नियम आहे आणि दुसऱ्याच्या नाही. प्रयोगशाळांत याहून पुष्कळ कठीण पद्धती वापरतात, पण त्यांतला विचार हाच आहे. आणि त्यातला धडाही हाच: आकडे वेडेवाकडे आले तर आधी मांडून पाहावेत. खोडलेल्या आकड्यांचा आलेख काढता येत नाही.

हे सगळे परदेशातच चालते असे कोणी समजू नये. ज्या २००४ साली आम्ही तक्ता खोडायला लावला, त्याच साली मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी साध्या चिकटपट्टीने ग्राफाइटचे पापुद्रे काढत काढत एका अणूच्या जाडीचा थर वेगळा केल्याचे प्रसिद्ध केले. त्याला ग्राफीन म्हणतात. २०१० साली त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. मंदार देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ग्राफीनचे सूक्ष्म ढोल केले. आपल्याकडे हलगी शेकून ताणतात. हा ढोल विजेच्या दाबाने ताणतात. एकाच ढोलाच्या दोन वेगवेगळ्या कंपनांना हवे तेव्हा, हवे तितके जोडता येते आणि बारीक कंपन मोठेही करता येते, हे त्यांनी २०१६ साली दाखवले. देशमुख यांना २०१५ साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही अशा सूक्ष्म रचनांवर काम करणारे केंद्र आहे. आपल्या मुलांना ही दोन्ही शहरे रात्रीच्या बसने सकाळी गाठता येतात.

आता गोंगाटाबद्दल आणखी एक गोष्ट, जी ऐकून शिस्तीच्या बाबतीत आमचेच मन थोडे हलले. मघाशी सांगितले की पट्टी तेवढ्याच जोराला दोन प्रकारे हलू शकते. एका प्रकारातून दुसऱ्यात जाण्यासाठी तिला इशारा द्यावा लागतो. इशारा फार क्षीण असला तर ती जागची हलत नाही. २००५ साली बोस्टन विद्यापीठातले बॅडझी आणि प्रीतिराज मोहंती यांनी अशा पट्टीला क्षीण इशाऱ्याबरोबर मुद्दाम थोडा गोंगाटही दिला. तेव्हा पट्टी त्या इशाऱ्याच्या तालावर इकडून तिकडे जाऊ लागली. गोंगाट फार कमी असला तर उपयोग नाही, फार जास्त झाला तर इशारा बुडून जातो. मध्ये एक योग्य मात्रा असते. 

पट्ट्यांचे नियम जसेच्या तसे वर्गाला लावू नयेत, हे आम्ही जाणतो. तरीही घरी कन्नड बोलणारी, मराठी चाचपडत बोलणारी एखादी मुलगी चिडीचूप वर्गात कधीच उभी राहत नाही, आणि गटागटाने कुजबुज चालू असताना मात्र शेजारणीला बरोबर उत्तर सांगते, हे आम्ही इतकी वर्षे पाहतच होतो. देवासहून आलेल्या आमच्या मराठीचीही पहिल्या वर्षी तीच गत होती. शिक्षकांच्या खोलीत गप्पांच्या गलक्यात आम्ही बोलत असू, बैठकीच्या शांततेत नाही.

आता त्या विद्यार्थिनीबद्दल. तिची मुलगी सध्या आपल्याच शाळेत पाचवीत आहे. गेल्या वर्षीच्या पालक सभेनंतर आम्ही तिला थांबवून घेतले आणि सगळे सांगितले. पट्ट्या, केऑस, ती राहिलेली ओळ, आणि आमची चूक. ती आधी हसली.

"बाई, तुमच्या अजून ध्यानात आहे ते? त्या पट्ट्या बाबांनी तेव्हाच कुणाच्या तरी गेटला लावून टाकल्या."

मग थोडा वेळ ती काही बोलली नाही. मुलीचे दप्तर खांद्यावर घेत म्हणाली, "पण बाई, मी खोटं लिहिलं नव्हतं."

"नाही, खोटं नव्हतंस लिहिलं," आम्ही म्हणालो. एवढेच बोलणे झाले. जे वाक्य आम्ही २००४ साली म्हणायला हवे होते, ते इतक्या उशिरा म्हटले. त्याने काय भरून आले आणि काय नाही, ते तिलाच ठाऊक.

यावरून आम्ही शाळेत तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, प्रयोगवहीत कोणतेही रीडिंग खोडायचे नाही. ते वेगळे आले तर शेजारी 'वेगळे आले' असे लिहायचे आणि कारण सुचत असेल तर तेही लिहायचे. बोर्डाच्या परीक्षेसाठी पुस्तकातला नियम पक्का पाठ हवाच. त्यात सूट नाही. दुसरी, विज्ञान प्रदर्शनात सुबक तक्त्याच्या गुणांइतकेच गुण प्रामाणिक निरीक्षणाला राहतील. तिसरी, आठवड्यातून एक तास असा ठेवला आहे की ज्यात मुलांनी आपापसांत बोलायचे आहे. त्या तासाला कार्यालयापर्यंत आवाज आला तरी आम्ही जागेवरून उठत नाही. उठायची फार इच्छा होते, पण उठत नाही.

विश्वस्त मंडळाला एक विनंती आहे. प्रयोगशाळेच्या खिडकीजवळ एक भक्कम चौकट कायमची बसवून मिळावी. खर्च फार नाही. पट्टी आणि बेअरिंग गावातच मिळतात, आणि वेल्डिंगचे काम करून द्यायला एक जुने दुकान आनंदाने तयार आहे. पालकांना विनंती अशी की, मुलाने घरी येऊन "आज वेगळंच आलं" असे सांगितले तर लगेच "तुझंच चुकलं असेल" असे म्हणू नये. चुकलेलेही असेल. आधी "दाखव बघू" म्हणावे.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हाला एवढेच सांगणे. मोजताना काळजी घ्या, खुणेवरच धरा, दहा वेळा मोजा. इतके करूनही आकडा वेगळा आला आणि आम्ही तो खोडायला सांगितला, तर खोडू नका. हा अंक आमच्यापुढे धरा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मुख्याध्यापिका